बारा लाल, बारा निळ्या

प्रकरण सतरावे

चाळिसाव्या दिवशी सकाळपासून घरातली माणसं एकमेकांशी इतकी गोड बोलू लागली, की धाकट्या सुनेनं ओळखलं, आज काही खरं नाही. थोरल्या दिरानं तिला "तुझा चहा झाला का?" असं विचारलं. सोळा वर्षांच्या संसारात त्यानं तिच्या चहाची चौकशी केल्याचं तिला आठवत नव्हतं. सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, कुणी न सांगता दाढी केली होती. थोरली जाऊ तर स्वयंपाकघर सोडून तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. तिचा नवरा, म्हणजे या घरातला धाकटा, नेहमीसारखा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. बसायचं म्हटलं की कुणाच्या तरी बाजूला बसावं लागतं, आणि ते त्याला जमत नसे.

सगळे नणंदेची वाट बघत होते. ताई सकाळच्या गाडीनं आल्या होत्या, पण घरात न येता तडक गोठ्याकडे गेल्या होत्या. त्या सरकारी नोकरीत वजनं-मापं तपासायच्या. बाजारातले दुकानदार त्यांना बघून काटा पुसायला घेत, आणि माहेरची माणसंही काही फार वेगळं करत नसत.

चाळीस दिवसांपूर्वी याच खोलीत जे मोठं भांडण झालं होतं, त्याचा तह ताईंनीच घडवून आणला होता. तहाची कलमं साधी होती. घरात चोवीस दुभत्या शेळ्या. बाराजणींच्या गळ्यात लाल फीत, बाराजणींच्या गळ्यात निळी, आणि गोठ्याच्या मधोमध पत्रा. गवत दोन्हीकडे सारखंच. त्यावर लाल शेळ्यांना धाकटी आपलं मिश्रण घालणार. निळ्यांना कारखान्यातल्या पोत्यांतल्या गोळ्या. या गोळ्यांची एजन्सी थोरल्या दिराकडे होती, हा निव्वळ योगायोग असल्याचं तो अधूनमधून सांगायचा. निळ्यांचं सगळं अप्पा स्वतःच्या हातानं करणार, कारण अप्पांचा दुसऱ्या कुणाच्या हातांवर विश्वास नव्हता. पत्र्यापलीकडे कुणी पाऊल टाकायचं नाही. दूध मोजायचं काम धाकट्याकडे. लाल शेळ्या मागे पडल्या तर सगळ्या शेळ्या विकायच्या आणि गोठ्याचं थोरल्याच्या पोत्यांसाठी गोदाम करायचं. थोरल्यानं गोदामाच्या दाराचं मापसुद्धा घेऊन ठेवलं होतं.

धाकटीच्या मिश्रणाला घरात 'ते' म्हणत. ते म्हणजे इस्पितळाच्या मुदपाकखान्यातली मटाराची टरफलं, फ्लॉवरचा पाला, गाजराची पानं, रसवाल्याकडचा फळांचा चोथा आणि शेतात उभी वाळलेली मक्याची ताटं. सगळं बारीक कापायचं, पिंपात पायानं दाबून भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि वीसेक दिवस मुरू द्यायचं. याच इस्पितळाच्या कोठीवर तिनं पंधरा वर्षं नोकरी केली होती. रोज सकाळी चांगल्या हिरव्यागार पाल्याच्या टोपल्या कचऱ्याच्या गाडीत उलट्या होताना बघून तिचा जीव तुटायचा. दोन वर्षांपूर्वी तिनं नोकरी सोडली ती या टोपल्यांसाठी. शेळ्या गेल्या असत्या तर ती या घरात नुसती थोरलीला भाजी निवडून देणारी उरली असती. या घरात तिची स्वतःची म्हणावी अशी एकच जागा होती, आणि त्या जागेला लेंड्यांचा वास यायचा.

अप्पांचा विरोध मात्र शास्त्रीय नव्हता. "माझ्या शेळ्या उष्टं खाणार नाहीत," एवढंच त्यांचं म्हणणं. हे उष्टं नाही, शिजवण्याच्या आधीचं आहे, ताटातला एक कणही पिंपात जात नाही, हे धाकटीनं त्यांना शंभरदा सांगितलं होतं. अप्पा दर वेळी शांतपणे ऐकून घेत आणि मग म्हणत, "म्हणजे लोकांचं उष्टंच ना?"

पण आज धाकटीला भीती होती ती अप्पांची नाही. तिच्या मांडीवर दुधाचा आणि पिंपांचा जो तक्ता होता, त्यात तिनं एक आकडा खोटा लिहिला होता.

हिशोबानं एक पिंप बारा शेळ्यांना तीन दिवस पुरायला हवं. पहिले दोनतीन दिवस तसं पुरलंही. मग पिंपं दीड दिवसात तळाला जायला लागली. आधी तिला वाटलं, आपली नजर चुकतेय. मग वाटलं, शेळ्यांना गोडी लागली. पण दूध होतं तेवढंच राहिलं. म्हणजे आपल्या शेळ्या दुप्पट खातात आणि दूध तेवढंच देतात, असा त्याचा सरळ अर्थ होता. पुढच्या महिन्यांसाठी मुरत ठेवलेली पिंपं तिनं एकेक करून पुढे ओढली, रोज दुपारी इस्पितळात जाऊन जास्त टोपल्या आणल्या, आणि तक्त्यात मात्र चौदा पिंपं लिहिली. संपली होती सत्तावीस.

ताई आत आल्या. चपला दाराशी काढल्या, पदरानं कपाळ पुसलं आणि उभ्याउभ्याच हात पुढे केला. "तक्ता."

धाकटीनं तक्ता दिला. ताईंनी दुधाचे आकडे वाचले, दुसऱ्यांदा वाचले आणि भावाकडे वळल्या. "दूध तूच मोजलंस ना रे?"

"दोन्ही वेळा," धाकटा म्हणाला.

"लाल आणि निळं सारखंच आहे. पेलाभराचासुद्धा फरक नाही."

थोरल्याचा चेहरा क्षणभर पडला, पण तो धंद्यातला माणूस होता. "सारखं म्हणजे काय ते बघा," तो म्हणाला. "सारखं म्हणजे जास्त नाही. मग एवढा वास, एवढ्या माश्या, एवढी उरस्फोड कशासाठी? पोतं फाडलं आणि ओतलं, काम संपलं. काय हो अप्पा?"

"माझ्या शेळ्यांचं मी बघितलं," अप्पा म्हणाले. "दुसऱ्याचं मला विचारू नका."

"आणि बघताना पाठ धरली बिचाऱ्यांची," थोरली म्हणाली. "पोती उचलून उचलून. महिनाभर मी रोज तेल चोळतेय."

"पोत्यांचंच विचारायचंय," ताई म्हणाल्या. "अप्पा, पोती किती आली होती?"

"दहा," थोरल्यानंच उत्तर दिलं. "मी स्वतः उतरवून दिली."

"नऊ पोत्यांची शिवण उसवलेली नाही."

 थोरली अप्पांकडे बघायला लागली, थोरला ताईंकडे, आणि अप्पा समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. कॅलेंडर मागच्या महिन्याचं होतं.

"दहावं उघडलंय," ताई पुढे म्हणाल्या. "त्यातली चार मापंसुद्धा कमी झालेली नाहीत. उंदरांनीही तोंड लावलेलं नाही."

"उंदरांचं मध्ये काढू नकोस," थोरला चिडून म्हणाला. पण चिडण्याच्या मध्यावरच त्याला काहीतरी सुचलं, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "थांब, थांब. म्हणजे अप्पांनी गोळ्या घातल्याच नाहीत. म्हणजे निळ्या शेळ्या चाळीस दिवस नुसत्या गवतावर होत्या. आणि नुसत्या गवतावर त्यांनी हिच्या शेळ्यांएवढं दूध दिलं! मग हिची पिंपं कशाला हवीत?"

 युक्तिवाद बिनचूक होता. थोरल्यानं आयुष्यात प्रथमच काहीतरी बिनचूक मांडलं होतं आणि ते नेमकं तिच्यावर आलं होतं.

"अप्पा, खरं आहे का हे?" ताईंनी विचारलं. "नुसतं गवत?"

अप्पांनी घसा खाकरला. "हो. गवतच. गवतावर काय वाईट आहे? माझ्या वडलांच्या शेळ्या गवतावरच होत्या."

ते हे म्हणाले तेव्हा त्यांची नजर एकदा, अगदी एकदाच, धाकटीकडे गेली आणि पुन्हा कॅलेंडरवर जाऊन बसली. त्या एका नजरेत तिला सगळं कळलं. ती दुपारी इस्पितळात जायची ती दोन तासांसाठी. घर तेव्हा झोपलेलं असायचं. पिंपं मागच्या पडवीत उघड्यावर होती. दीड दिवसात तळाला जाणारं पिंप, अप्पांची पाठ, शिवण न उसवलेली पोती. तिला हसू यायला लागलं, आणि ते ओठांवर यायच्या आधीच रडू आलं.

आता सांगायचं कसं? 'अप्पा माझ्या पिंपातलं चोरून नेत होते' असं म्हणायचं तर पिंपं किती संपली ते सांगायला हवं. ते सांगायचं तर आपण खोटं लिहिलं हे सांगायला हवं. आणि खोटं लिहिणाऱ्या सुनेनं सासऱ्यावर चोरीचा आळ घेतला तर या घरात तिच्या बाजूनं कोण उभं राहील? नवरा चौकटीला टेकलेलाच होता. आणि अप्पांचं काय? मुलामुलीसमोर, सुनांसमोर, महिनाभर ज्याला नावं ठेवली तेच बादलीनं नेत होतो हे कबूल करायला लावायचं त्या माणसाला? या वयात? तिला अप्पांचा राग आला होता, खूप आला होता, पण तेवढा आला नव्हता.

"गोदामाचं मग ठरवून टाकू," थोरला म्हणाला. "रविवार आहे, सगळे आहोत."

"ताई," धाकटी म्हणाली. "त्या तक्त्यात पिंपं चौदा लिहिलीत. ते खोटं आहे. सत्तावीस संपली."

ताईंनी चष्म्यावरून बघितलं. "खोटं कुणी लिहिलं?"

"मी."

"का?"

"भीती वाटली. माझ्या शेळ्या दुप्पट खातायत आणि दूध तेवढंच, असं दिसत होतं. वाटलं, आपलंच मिश्रण निकामी आहे. दोन वर्षं उगाच केलं सगळं."  तिनं डोळे पुसले नाहीत, कारण पुसले असते तर सगळ्यांना दिसलं असतं. अर्थात ते तसंही सगळ्यांना दिसत होतं. अप्पांकडे मात्र तिनं बघितलं नाही.

"दुप्पट!" थोरला टाळी वाजवायचा तेवढा राहिला. "ऐकलंत? दुप्पट खाऊन गवताएवढं दूध! वर लिखापढीत लबाडी! मी आणखी काही बोलायची गरज आहे का?"

"तुला बोलायची गरज कधीच नसते," ताई म्हणाल्या. "गप्प बस जरा. एका पिंपात किती मावतं गं?"

"दाबून भरलं तर सव्वाशे किलोला थोडं कमी."

ताईंचे ओठ हलू लागले. त्या मनातल्या मनात आकडेमोड करायच्या तेव्हा बाजारात माणसं श्वास धरून उभी राहत. "सत्तावीस पिंपं," त्या म्हणाल्या. "चाळीस दिवस. बारा शेळ्या. म्हणजे एकेका शेळीला दिवसाला जवळजवळ सात किलो. वर गवत वेगळं. अगं, शेळ्या पाळल्यायस की म्हशी? बारा शेळ्यांच्या पोटात हे मावणार कसं?"

  धाकटीला माहीत होतं, आणि तरी ती खाली फरशीकडे बघत राहिली.

"मावेल कसं?" अप्पा कॅलेंडरला म्हणाले. "चोवीस खात होत्या."

थोरल्याचं तोंड उघडंच राहिलं. थोरलीनं पदर तोंडाला लावला.

"काय म्हणालात?" ताईंनी विचारलं.

"ऐकलंस ते." अप्पा आता वळून बसले. दाढी केल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर लपवायला काही उरलं नव्हतं. "पोरीनं खोटं लिहिलं असेल, पण तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी बसून ऐकत होतो. आत्ता गवत म्हणालो तेही खोटंच. दुपारी ती गेली की मी दोन बादल्या घेऊन पडवीत जायचो. तीन खेपा."

"पण का?" थोरला जवळजवळ ओरडलाच. "माझ्या गोळ्यांना काय झालं होतं?"

"नकटीला विचार." नकटी ही अप्पांची लाडकी शेळी, सगळ्यात म्हातारी आणि स्वभावानं अप्पांच्याच वळणावर गेलेली. "पहिल्याच दिवशी तिनं तुझ्या गोळ्या हुंगल्या आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही तेच. पत्र्यापलीकडून वास यायचा आणि बाराच्या बारा पत्र्याला नाकं लावून ओरडायच्या. उपाशी ठेवू? म्हटलं, म्हातारीपुरतं मूठभर आणू. मूठभर आणलं. मग बाकीच्या बघायला लागल्या."

"म्हणजे चाळीस दिवस तुम्ही..."

"सदतीस."

"आणि रोज जेवताना हिच्या पिंपांना शिव्या देत होतात त्या?"

"त्या वेगळ्या," अप्पा म्हणाले. "त्या उष्ट्याला होत्या."

"आणि ती पाठ?" थोरलीनं तोंडावरचा पदर काढला. "मी रोज चोळतेय ती पोत्यांची पाठ म्हणून!"

"बादल्या काय हलक्या असतात?"

थोरला उठून उभा राहिला. घरातल्या अन्यायाविरुद्ध तो नेहमी उभा राहूनच बोलायचा. "ही चाचणीच नव्हे. चोवीसच्या चोवीस शेळ्यांनी एकच खाल्लं. पुन्हा करायची. पहिल्यापासून. चाळीस दिवस. आणि या वेळी गोळ्या मी घालणार."

"तू?" ताई म्हणाल्या. "तुला शेळी कुठल्या बाजूनं खाते हे तरी माहितेय?"

"आणि या वेळी गोठा गेला तर?" थोरली मध्येच म्हणाली. "साली कुठे टाकू?"

"कसल्या साली?"

"स्वयंपाकघरातल्या. गेले चार महिने मी टोपलीत साठवून हिला देतेय. मागच्या दाराशी ठेवते, ही घेऊन जाते."

थोरल्यानं बायकोकडे बघितलं. पशुखाद्याच्या अधिकृत विक्रेत्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काळोख पसरला. "आपल्या घरातून?"

"नाही, माहेरून मागवते."

"तू मला एका शब्दानं बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत, साली कुठे जातात म्हणून? त्याच शेळ्यांच्या दुधाचा चहा मात्र रोज दोनदा पिता. बरा लागतो म्हणता." आणि मग, धाकटीकडे न बघता, ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "कांद्याची टरफलं वेगळी काढून देते हं मी. दुधाला वास येतो म्हणाली होतीस."

धाकटीला हे नवीन होतं. म्हणजे टोपली मिळत होती, पण ती न बोलता मिळत होती, आणि धाकटीला वाटायचं की जावेला घरातला कचरा बाहेर काढायचा कंटाळा आहे. कांदा वेगळा निघतो हे तिच्या लक्षात आलं होतं, पण तेसुद्धा नशिबावर ढकलून ती मोकळी झाली होती.

थोरल्यानं शेवटचा आधार म्हणून चौकटीकडे बघितलं. "तू तरी बोल रे काहीतरी."

"दूध मी बरोबर मोजलंय," धाकटा म्हणाला. आणि मग, बहुधा जन्मात पहिल्यांदा, तो चौकट सोडून आत आला आणि बायकोच्या खुर्चीमागे उभा राहिला. उभाच राहिला, पण तिच्या मागे.

ताईंनी तक्त्याची घडी घातली. "मी तीस वर्षं काटे तपासतेय," त्या म्हणाल्या. "एवढी खोटेपणानं भरलेली चाचणी मी बघितली नाही. पोतं उघडणारा पोतं उघडत नाही, पिंप मोजणारी पिंपं लपवते, एजंटाची बायको दुसऱ्या पार्टीला माल पुरवते. आणि एवढं करून काय निघालं? तर लाल शेळ्यांनी चौदाच्या आसपासच पिंपं खाल्ली. म्हणजे हिनं खोटं म्हणून जे लिहिलं ते खरंच होतं." त्या धाकटीकडे वळल्या. "तरी पुन्हा असं लिहिलंस तर तुझी पिंपं मीच रस्त्यावर आणून ठेवीन. लक्षात ठेव."

"हो, ताई."

"चोवीसच्या चोवीस शेळ्या सदतीस दिवस त्याच खाण्यावर आहेत. एक आजारी नाही, दूध उतरलेलं नाही. माझ्या वाट्यापुरतं मी सांगते, गोठा राहील. अप्पा?"

अप्पांनी मान हलवली. ती होकाराची होती की मान अवघडल्याची, हे कुणी विचारलं नाही.

"आणि माझी पोती?" थोरल्यानं विचारलं.

"परत घेऊन जा. शिवण शाबूत आहे."

बैठक मोडली. थोरली स्वयंपाकाला लागली, ताई हातपाय धुवायला गेल्या, आणि थोरला अंगणात जाऊन फोनवर कुणाशी तरी मालाच्या उत्तम दर्जाबद्दल मोठ्यानं बोलू लागला. धाकटी खुर्चीतच बसून राहिली. जिंकल्यावर माणसानं काय करायचं असतं, याचा तिला काही अनुभव नव्हता. गेले कित्येक दिवस तिनं फक्त हरल्यावर कुठल्या टोपल्या कुणाला देऊन टाकायच्या याचा विचार केला होता.

मागच्या पडवीत बादली आपटल्याचा आवाज झाला. ती उठून गेली. अप्पा पिंपाशी वाकले होते. झाकणाची कडी त्यांनी सराईतपणे एका झटक्यात उघडली, वरचा थर हातानं बाजूला केला आणि खालचं मुरलेलं बादलीत भरायला घेतलं. ती जवळ उभी आहे हे त्यांना कळलं होतं, तरी त्यांनी मान वर केली नाही. तिनं दुसरी बादली घेतली आणि पलीकडून भरायला लागली. माफी ना त्यांनी मागितली, ना तिनं.

"गाजराची पानं जास्त घालतेस तू," अप्पा म्हणाले.

धाकटीचा हात थांबला. दोन वर्षं या पिंपांना अप्पांच्या फक्त शिव्या मिळाल्या होत्या. तक्रार पहिल्यांदाच होत होती.

"पानं जास्त असली की दुसऱ्या दिवशी लेंड्या पातळ पडतात," ते सांगत होते. "दोनदा बघितलं मी. आधी वाटलं पाण्यानं असेल. पाण्यानं नाही. चोथ्यानंही नाही. चोथा चांगलाय. पानांनीच होतं."

तिच्याही लक्षात आलं होतं ते. तिसऱ्या आठवड्यात, दोनदा, पानं जास्त आलेल्या दिवसांनंतर. पण दोन वर्षांत लेंड्यांबद्दल बोलायला तिला या घरात कुणीच मिळालं नव्हतं.

"किती कमी करू, अप्पा?" तिनं विचारलं.

अप्पांनी मूठभर मिश्रण उचललं, नाकाशी नेलं, बोटांनी पसरलं आणि विचार करायला लागले.